हसून सोडून दे

सलूनवाल्याच्या दुकानात पाच खुर्च्या होत्या. दोन केस कापायला, तीन त्याचे विनोद ऐकायला. टक्कल पडलेले गृहस्थही महिन्यातून दोनदा येत.

त्या सकाळी शाळेच्या वेळी त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचं पोट दुखलं. आठवड्यातली तिसरी वेळ. ती बोलताना अडखळायची. वर्गात तिला ‘कुकर’ म्हणत; ती वाचायला उठली की मागचे बाक शिट्ट्या मारत.

“हसून सोडून दे गं,” तो बूट घालत म्हणाला. “चिडवणारे आपोआप थकतात.”

“तीन महिने हसतेय ती,” बायको म्हणाली. “थकलं कोण?”

त्याने घाईघाईने नाड्या बांधल्या. बायकोला कामावर जायचं होतं, म्हणून लेकीला त्याने दुकानात नेलं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर वर्तमानपत्रामागे बसली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक; मागोमाग बाकीच्या चारही खुर्च्या भरल्या. गालांवर फेस चढताच औषधवाला म्हणाला, “तो कुकरचा किस्सा ऐकव की! आमचा पोरगा रोज करून दाखवतो. जेवताना ठसका लागतो आम्हाला.”

वस्तरा हवेतच राहिला. किस्सा सलूनवाल्याचाच होता. ‘आमच्याकडे कुकर नाही. लेकीला नाव विचारतो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद!’ दुकान लोटपोट झालं होतं. गिऱ्हाइकांनी दाढी इथे सोडली आणि किस्सा घरी नेला.

त्याने आरशात पाहिलं. वर्तमानपत्र खाली आलं होतं. लेक हसत होती. बापाने शिकवलं होतं तसं, सगळे दात दाखवून.

त्याला स्वतःचं तोंड बघवेना, आणि दुकानात तर चारही भिंतींना आरसे.

तो तिच्यापुढे कापलेल्या केसांतच बसला. “माझ्यामुळे झालं हे. तुला ठाऊक होतं?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मग बोलली का नाहीस?”

“तु... तुम्ही पण ह... हसत होता.”

“आता नको हसूस. मी काय करू? शाळेत येऊन बाईंशी बोलू?”

“आ... आ... आधी इथं सांगा.”

वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. त्याने मध्ये शब्द पुरवला नाही.

तो उठला. “किस्सा हवाय ना? ही माझी लेक. कुकर म्हणतात ती हीच. नाव मी ठेवलंय. आठवड्यात तीनदा शाळा बुडलीय तिची.”

“अरे, गंमत ती!” औषधवाला फेसातून म्हणाला. “मनावर काय घ्यायचं?”

“मीही तिला हेच सांगायचो. रोज.”

पाचही गिऱ्हाइकं आपापल्या पायांकडे बघत राहिली. प्रत्येकाच्या घरी शाळेत जाणारं कोणीतरी होतं.