आत उघडणारं दार

बाथरूम म्हणायचं एवढंच. त्यात माणूस अंघोळ कमी करायचा आणि कोपरं जास्त आपटून घ्यायचा. सव्वाचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब, आणि तेवढ्यात कमोड, बेसिन, बादली, कपड्यांची टोपली असा सगळा संसार. मिस्त्री पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याने टेप काढली नाही की वही काढली नाही. चपला बाहेर ठेवल्या, आत गेला आणि सरळ जमिनीवर आडवा झाला.

दारात उभी असलेली सूनबाई खाली वाकली. "मिस्त्री, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे. मापं घेतोय."

तो आधी बेसिनकडे डोकं करून पडला, मग कमोडकडे, आणि शेवटी गुडघे पोटाशी घेऊन, दाराला पाठ टेकवून, कुशीवर. तसा तो बराच वेळ पडून राहिला. मग उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "बाकी तुम्ही म्हणाल तसं करू. दार मात्र बाहेर उघडायला हवं."

ही त्याची जुनी सवय होती. अकरा वर्षं तो प्रत्येक बाथरूममध्ये काम सुरू करायच्या आधी असा पडायचा. बाकीचे गवंडी त्याची टर उडवायचे, की आपण काम करता करता झोपतो, हा आधी झोपतो आणि मग काम करतो. मिस्त्री त्यावर हसायचा नाही, चिडायचाही नाही. एकंदरीत माणूस खडूस, पण हात असा की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती पाण्याच्या जाळीकडेच जाणार.

घरात माणसं तीन. मुलगा, सून आणि मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणायचे. नानांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. नजर अजून शाबूत होती, हातही स्थिर होता, पण गेल्या वर्षापासून बसल्या जागेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा पलंगापाशी पडले, एकदा स्वयंपाकघरात. दोन्ही वेळा कोणीतरी जवळ होतं म्हणून निभावलं. बाथरूम नवं करायचं ठरलं ते खरं तर त्यांच्यासाठीच. मग ठरल्यावर त्यात हौस शिरली, आणि हौसेला मोल नसतं.

सूनबाईच्या फोनमध्ये दोनशेच्या वर फोटो होते. भिंतीला टांगलेला कमोड, शॉवरपुढे काचेची भिंत, साबण ठेवायला उजळलेला कोनाडा. मिस्त्रीने त्यातलं बरंच मान्य केलं. टांगत्या कमोडखाली फरशी मोकळी राहते आणि खोली मोठी वाटते, हे त्यालाही पटत होतं. बेसिन त्याने कोपऱ्यात ढकललं, भिंतींना फिकट टाइल्स सुचवल्या, जमिनीला खरखरीत फरशी घेतली, नानांच्या हाताच्या उंचीवर दोन दांडे बसवायचं ठरवलं. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी चार बोटं उंच उंबरा घेतला. सगळं जमलं, दार सोडून.

दाराच्या समोर, अरुंद बोळात, नवं कपाट येऊन उभं राहिलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत, मापाने करून घेतलेलं. बाथरूमचं दार बाहेर उघडलं तर ते अर्ध्यावरच कपाटावर आपटणार.

"आधीचं दार आतच उघडायचं की," मुलगा म्हणाला. "तेव्हा काही झालं नाही."

"तेव्हा आत काच नव्हती. आता दार फिरलं की दीड फूट जागा उरते. माणूस पडला तर त्याच दीड फुटात पडणार, दाराला अंग लावून. मग बाहेरून उघडणार कसं?"

"तुमचं म्हणजे शुभ बोल रे नाऱ्या."

"सरकतं दार घ्या."

"त्या भिंतीतून पाइप गेलेत, तुम्हीच सांगितलंत."

"मग घडीचं घ्या."

"घडीचं? बसस्टँडवर लावतात तसलं?" मुलगा हसला. तो काही वाईट माणूस नव्हता. बापावर जीव होता त्याचा. पण कपाट आलेलं होतं, आणि आलेली वस्तू परत पाठवणं म्हणजे आपली चूक कबूल करणं, तेवढं त्याला जमत नव्हतं. मिस्त्रीला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी मुलगा आणि सून कामावर असायची. नाना बोळात खुर्ची टाकून बसायचे आणि मिस्त्रीचं काम बघायचे. बोलणं फार नव्हतं. आपलं काम नीट करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं नीट काम बघत बसायला आवडतं, तसं ते बसायचे. एकदा अशाच शांततेत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी झोपला होतास ते कशासाठी?"

अकरा वर्षांत हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता आणि मिस्त्रीने प्रत्येकाला काहीतरी थाप मारली होती. नानांना मात्र त्याने हातातली थापी खाली ठेवून खरं सांगितलं.

त्याच्या घरचं बाथरूम त्याने स्वतः बांधलं होतं. दार आत उघडणारं, कारण बाहेर शिलाई मशीन होतं, बायकोचं. एका सकाळी ती अंघोळीला गेली आणि आत धप्पकन आवाज झाला. कडी लावलेली नव्हती. त्याने दार ढकललं, ते दोन बोटं सरकलं आणि आतून तिचा आवाज आला.

"आवाज म्हणजे?" नानांनी विचारलं.

"कण्हल्याचा. दार तिच्याच अंगावर जात होतं. मी ढकललं की ती कण्हायची. हात थांबला माझा. कसा ढकलणार? बिजागऱ्या आतल्या बाजूला, बाहेरून काढता येईनात. मग पळत जाऊन सुतार आणला, दार मधून कापलं. वीस मिनिटं गेली. नळ चालूच होता. दार निघालं तेव्हा ती गेली होती."

नानांनी खाली ठेवलेली थापी उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "मी सांगतो मुलाला."

त्यांनी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मुलगा मिस्त्रीशी जरा नरमाईने बोलला. "वाईट झालं तुमचं. पण म्हणून प्रत्येक घरात तसंच होतं असं नाही ना," म्हणाला. आणि दाराचा विषय काढला नाही.

मग मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी लबाडी केली. दोघं कामावर गेलेली असताना त्याने दार बाहेर उघडेल असं बसवून टाकलं. एकदा बसलेलं दार कोण काढतंय, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी सूनबाईने नेहमीच्या सवयीने दार जोरात उघडलं आणि कपाटाचं पॉलिश रुपयाएवढं उडालं. ती रडली. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "मिस्त्री, दोन दिवस येऊ नका."

दोन दिवसांनी तो टाइल्सच्या फटी भरायला गेला तेव्हा दार आत उघडत होतं. दुसरा कोणी सुतार आणून फिरवून घेतलं होतं. काम चोख होतं. जाड फळी, आतल्या बाजूला तीन भक्कम बिजागऱ्या. दार ओढलं की असं बसायचं की कागदही आत जाऊ नये. मिस्त्रीने ते दोनदा उघडून पाहिलं.

"घरात वाद नको रे," नाना हळूच म्हणाले. "मी कडी लावणार नाही. झालं?"

"कडीचा प्रश्न नाही नाना. अंगाचा आहे."

"बघू," असं म्हणून नाना खुर्ची घेऊन आत गेले. त्यांनाही भीती वाटत होती, हे मिस्त्रीला त्यांच्या पाठीवरून कळलं. स्वतःच्या घरात म्हाताऱ्या माणसाला किती गोष्टींवर 'बघू' म्हणावं लागतं, या विचाराने त्याला वाईट वाटलं, आणि मुलाचा रागही आला. तरी फटी त्याने भरल्या. काम अर्धं टाकून निघून जावं असं एकदा वाटलं होतं, पण हात चालत राहिले.

सगळं वाळायला चार दिवस दिले. रविवारी सकाळी मिस्त्री शेवटचं म्हणून आला, बोळातली एक पट्टी बसवायला. घरात सगळे खुशीत होते. सूनबाई चहा टाकत होती. मुलगा म्हणाला, "नव्या बाथरूमचं उद्घाटन चालू आहे. नाना गेलेत."

दार बंद होतं. आतून शॉवरचं पाणी ऐकू येत होतं. मिस्त्री उकिडवा बसला, पट्टीला सिमेंटचा मसाला लावू लागला, पण कान आतच होते. अंगावर पडणारं पाणी तुटक वाजतं. माणूस हात उचलतो, वळतो, साबण लावतो, तसा आवाज बदलत राहतो. तेवढा आवाज ऐकून तो पट्टी बसवत राहिला. मध्येच स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला.

मग आवाज बदलायचा थांबला.

पाणी एका सुरात पडत होतं. धप्प झालेलं कोणी ऐकलं नव्हतं, तेव्हाच नेमका मिक्सर सुरू असेल. मिस्त्रीच्या हातातली थापी जागच्या जागी राहिली.

"नाना?" त्याने हाक मारली. मग मोठ्याने, "नाना, ओ द्या."

मुलगा पुढे आला. "काय झालं?"

"आवाज द्या त्यांना."

मुलाने दोन हाका मारल्या, दारावर थाप मारली. मग दाराची मूठ फिरवून ते ढकललं. ते दोन बोटं सरकलं आणि मऊ कशाला तरी अडलं. आतून कण्हल्याचा आवाज आला, बारीक आणि लांबलेला. त्या दोन बोटांच्या फटीतून पाणी उंबऱ्याशी तुंबताना दिसलं. नानांचं अंग जाळीवर आलं होतं आणि मिस्त्रीच्याच उंबऱ्याने आतलं पाणी अडवून धरलं होतं.

"ढकलू नका," मिस्त्री म्हणाला. "त्यांच्या अंगावर जातंय. ढकलू नका. मी भिंत फोडतो. नाहीतर दार कापू."

"किती वेळ लागेल?"

"पंधरा मिनिटं. वीस."

मुलाने पुन्हा खांदा लावला. नाना पुन्हा कण्हले. मिस्त्रीने मुलाचा शर्ट मागून धरला आणि सगळा जोर लावून त्याला ओढलं. "अहो, बाप आहे तो तुमचा. मोडाल त्यांना."

"सोडा," मुलगा म्हणाला, आणि त्याने मिस्त्रीला असं ढकललं की तो कपाटावर जाऊन आदळला. मग मुलाने समोरच्या त्याच कपाटाला पाय लावले, दाराला पाठ लावली आणि रेटलं. आत काहीतरी कडकन वाजलं. नाना ओरडले. मुलगा रडत होता आणि रेटत होता. दार वीतभर उघडलं. सूनबाई अंगाने किडकिडीत, ती कुशीवर होऊन त्या फटीतून आत शिरली. आत पाण्यात तिचे हात आपटल्याचा आवाज आला, मग शॉवर बंद झाला.

"अर्धं तोंड पाण्यात होतं," ती आतून म्हणाली. "वर घेतलंय. खोकतायत. खोकतायत."

रुग्णवाहिका लवकर आली. तोवर सुनेने सासऱ्यांना धरून कोपऱ्याकडे सरकवलं होतं आणि दार पुरतं उघडलं होतं. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण छाती वरखाली होत होती. त्यांना स्ट्रेचरवर घेणाऱ्या माणसाने बरगड्यांवरून हात फिरवला. "एक-दोन मोडल्यात. त्या जुळतील. लवकर काढलंत हे बरं केलंत. पाण्यात तोंड होतं म्हणता, आणखी चार-पाच मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं."

मुलगा नखशिखान्त भिजला होता. जिन्याकडे जाता जाता तो मिस्त्रीपाशी थांबला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. "दाराचं तुमचं बरोबर होतं. चूक माझी. उद्याच काढून टाकतो ते." मग त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "पण आत्ता ढकलू नका म्हणालात ना, ते ऐकलं नाही, हे फार बरं झालं."

मिस्त्रीने मान हलवली. सगळे खाली गेले. सूनबाई जिन्यातून विचारत होती, तुम्ही येताय का दवाखान्यात. तो बोळातल्या पाण्यात तसाच बसून राहिला.

अकरा वर्षं त्याने दाराला दोष दिला होता, बिजागऱ्यांना दिला होता, स्वतःच्या कामाला दिला होता. लोकांच्या बाथरूममध्ये जमिनीवर पडून राहिला होता. आणि या सगळ्यात एकच गोष्ट त्याला आधाराला होती, की आपला हात वेळेवर थांबला, आपण तिला आणखी दुखवलं नाही. एक-दोन बरगड्या. त्या जुळतात. आणि तो वीस मिनिटं सुतार शोधत होता.

सुताराने दार कापून तिला बाहेर काढलं होतं, तेव्हा तिच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.