ज्वारीची गणितं

महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. लोहाऱ्याजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवत होते, आणि वर्गातली हरणा रोज संध्याकाळी गृहपाठ घेऊन माझ्या ओसरीवर बसायची. तिच्या बापानं, दगडोबानं, मला बजावून ठेवलं होतं, "बाई, चौथी पास झाली तर उमरग्याला मामाकडं धाडतो पाचवीला. नापास झाली की शाळा बंद. मंग शेतात." परीक्षा सोमवारी होती.

पोरगी मठ्ठ असती तर मी नशिबाला बोल लावला असता. पण छत्तीस आंबे चौघांत वाटायला सांगितले, की पाटीवर झटकन नऊ. आणि छत्तीस मापं ज्वारी चौघांत वाटायला सांगितली, की आठ, बाकी तीन!

"अगं, छत्तीस तेच, चार तेच!" मी ओरडले.

"व्हय बाई."

"मग आंब्यांना नऊ आणि ज्वारीला आठ कसे?"

तिनं पाटी पुसून पुढं धरली. अठ्ठेचाळीस मापं, सहा मापांचं एक पोतं, तर पोती किती? सात, बाकी पाच. पाढे म्हणवून घेतले, तर घडाघड म्हणाली. गुरुवारी माझा तोल गेला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडलीही नाही, त्याचा मला आणखीच संताप आला.

रविवारी मी डब्यातली ज्वारी परातीत ओतली, माप तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मोज."

हरणानं पहिलं माप भरलं, "लाभ" म्हणाली आणि ते बाजूला सुपात ओतलं. दुसरं माप भरलं आणि म्हणाली, "एक."

खळ्यावर पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे लाभ धरून पुढे दोन म्हणायचं.

"लाभ मोजायचा नाही का?"

"त्यो देवीचा हाय, बाई. आपला न्हाय त्यो वाटायचा कसा?"

चार दिवस मी या पोरीला फाडून खात होते, आणि तिचा भागाकार पहिल्यापासून बरोबर होता! मला माझीच लाज वाटली. पण परीक्षा उद्यावर आली होती.

"हरणे, पुस्तकातल्या ज्वारीतून देवीचं काढायचं नाही."

"मंग देवीला कवा द्यायचं?"

मी पार थकले होते. "आधी बरोबर उत्तर लिही," मी खेकसले, "मग दे कुणाला काय द्यायचं ते!"

हरणा तीन गुणांनी नापास झाली. मी तिचा पेपर मागून घेतला. बारा गड्यांनी प्रत्येकी पाच मापं ज्वारी आणली, तर एकूण किती? बारा पंचे साठ, सुबक अक्षरात. त्याखाली 'देवीचं १' असं लिहून वजाबाकी केलेली, आणि उत्तर एकोणसाठ. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल फुली मारून पाचही गुण कापले होते. मी सांगितलं होतं, अगदी तसंच तिनं केलं होतं. त्या साहेबांचा राग करावा की स्वतःचा, तेच मला कळेना.

तशीच दगडोबाकडे गेले. निकाल सांगितला, पेपरात काय झालं ते सांगितलं, आणि चूक माझी आहे, पोरीची नाही, हेही सांगितलं. तो बैलाला वैरण टाकत होता. हातातला कडबा तसाच धरून त्यानं विचारलं, "साठातलं एक देवीला दिलं, तर उरले किती?"

"एकोणसाठ."

"तिनं किती लिवलं?"

"एकोणसाठ."

"मंग लेकराचा कसूर काय?"

दाराआड हरणा उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "जूनपासनं पुन्ना चौथीत बसायचं." मग माझ्याकडे वळला.

"बाई, त्या साहेबाला हिशेब येईस्तोवर तिला बसू द्या."