आभार मानल्याशिवाय उठायचं नाही

वृद्धाश्रमात कामाला लागून हिन्केला सव्वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिचं एक मत पक्कं झालं होतं: म्हातारं माणूस उगाच हात उगारत नाही. म्हणून वित्स्केबाईंच्या नोंदवहीत सलग तीन आठवडे ‘जेवणानंतर आक्रमक’ असं वाचल्यावर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

वित्स्केबाई चौऱ्याऐंशीच्या. फ्रीसलंड प्रांतातल्या गोठ्यात गाई दोहण्यात जन्म गेलेला. आता आठवण पार विस्कटली होती, इस्टरपासून धड एक वाक्य बोलल्या नव्हत्या. दुपारचं जेवण अगदी शांतपणे करत. पण कोणी ताट उचलून त्यांची खुर्ची मागे ओढली की सुरू: चिमटे, लाथा, एकदा तर चमचा हिन्केची सहकारी आंके हिच्या भुवईवर बसला. गुरुवारी मानसतज्ज्ञ मार्ग्रीत स्वतः जेवण बघायला येणार होती. तिला जे दिसेल त्यावरून बाईंना चाळीस किलोमीटरवरच्या कुलूपबंद विभागात पाठवायचं की नाही ते ठरणार होतं. आणि बाईंचे यजमान गोसे याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. रोज साडेतीनला काठी टेकत कॉफीला खाली यायचे आणि बायकोचा हात धरून तासभर बसायचे. त्यांना ना तो बसचा प्रवास झेपणार होता, ना एकटेपण.

“तू काय जादू करणार आहेस?” आंके म्हणाली. तिच्या भुवईवर अजून पट्टी होती.

“जादू कशाला? नुसती बसणार आहे,” हिन्के म्हणाली. “मार आपण सगळ्यांनी खाल्ला. पण त्याच्या आधी काय होतं ते बघितलंय कोणी?”

मंगळवारी तिने ताट उचललंच नाही. समोर खुर्ची घेऊन बसली. कस्टर्डची वाटी संपली तसा वित्स्केबाईंनी चमचा आडवा ठेवला, हात जुळवले, डोळे मिटले. आंकेने लांबून खूण केली: पेंगल्या, आता उठव. हिन्केने नकारार्थी मान हलवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग बाईंनी एकच डोळा उघडून तिच्याकडे असं बघितलं, जणू घरातली आळशी सून आपलं काम विसरून बसलीय.

हिन्के तडक वर गेली.

“गोसे, तुमच्या घरी जेवण झाल्यावर काय व्हायचं?”

“काय म्हणजे? प्रार्थना. आधी मागायचं, नंतर आभार मानायचे.”

“कोण म्हणायचं?”

“मी. अठ्ठावन्न वर्षं. त्याआधी आमच्याकडे मांजरसुद्धा हलत नसे.”

“आणि हे आम्हाला सांगायला काय झालं होतं?”

म्हातारा खरंच गोंधळला. “आभार न मानता जेवणावरून कोण उठतं, पोरी?”

हिन्केला हसू आलं आणि लाजही वाटली. खाली जेवणाआधी मिनिटभर शांतता पाळत. भाविकांची सोय झाली म्हणून सगळे स्वतःवर खूश होते. जेवणानंतरचं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. खुद्द हिन्केचा बाप कट्टर लाल झेंड्याचा. चर्च तिने आतून पाहिलं होतं ते फक्त मयतीला.

“उद्यापासून खाली जेवा.”

“माझं जेवण गाडीवरून वर येतं. कागदोपत्री मी वरचा.”

“कागदाचं मी बघते.”

बुधवारी गोसेंनी आभार मानले आणि वित्स्केबाई मुकाट उठून चालू लागल्या. हिन्केने मार्ग्रीतला फोन करून सगळं सांगितलं. “एका दिवसावरून मी काय लिहू?” मार्ग्रीत म्हणाली. “उद्या दिसेल ते लिहीन.”

आणि गुरुवारी सकाळी गोसेंना ताप भरला. खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं.

मार्ग्रीत वही उघडून खिडकीशी बसली. बटाटे झाले, फरसबी झाली, खिम्याचा गोळा झाला, कस्टर्ड झालं. वित्स्केबाईंनी हात जुळवले.

“तुला येते का प्रार्थना?” आंके पुटपुटली.

“एक शब्द नाही,” हिन्के म्हणाली, आणि हात जुळवून खणखणीत आवाजात सुरू झाली.

“देवा, बटाट्यांबद्दल आभार. छान मऊ होते. फरसबीबद्दल आभार. गोळा जरा खारट होता, पण त्याचेही आभार. स्वयंपाकघरातल्या रेन्स्केचे आभार, कंबर दुखते तरी उभी असते. गोसेंचा ताप उतरू दे. आणि या टेबलावरच्या कोणाला लांब जावं लागू नये. आमेन.”

ते शेवटचं वाक्य तिने मार्ग्रीतला ऐकवायला म्हटलं नव्हतं, खरोखर मागितलं होतं.

वित्स्केबाईंनी डोळे उघडले.

“गोसे एवढं लांबवत नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि हिन्केच्या कोपराचा आधार घेऊन उठल्या.

मार्ग्रीतने वहीतलं पान फाडून पर्समध्ये कोंबलं. “इथेच राहू देत त्यांना,” ती म्हणाली. “नोंदवहीत काय लिहू?”

“लिही, जेवण पुरं होऊ द्यावं.”

साडेतीनला हिन्के कॉफी घेऊन वर गेली. बाई काय बोलल्या ते तिने गोसेंना शब्दन् शब्द सांगितलं.

“अठ्ठावन्न वर्षं ती मला टेबलाखालून लाथ मारायची,” ते म्हणाले. “लांबलं, आवरा म्हणून.” त्यांनी पांघरुणाच्या टोकाने डोळे टिपले. “डॉक्टरांना सांग, ताप उतरला की लगेच मी खाली जेवणार. आणि खुर्ची तिच्या समोरचीच ठेव. तिचा पाय पोचला पाहिजे.”