पाचगणीच्या भिंतीवरची धोंडुबाई

मी घोंगडं बोलतोय. काळं, टोचरं, तात्याबा धनगराच्या खांद्यावरचं. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठा.

तात्याबाच्या बायकोनं, धोंडुबाईनं, लोकर कातली, सणगरानं मला विणलं. चिंचोक्याची खळ पाजून असं कडक केलं की उभं केलं तर उभं राहावं. आटपाडीच्या माळावरून मलकापूरच्या उसापर्यंत मेंढरांमागं तीस वर्षं हिंडलो. मग घरात स्वेटर आले आणि माझ्यावर कोकरं निजू लागली.

तीन वर्षांमागं भर उन्हाळ्यात तळावर एक फोटोवाला साहेब आला. जगभरच्या आडरानातल्या लोकांचे फोटो काढत फिरतो म्हणे. बर्फातले, पिसं खोवलेले, अंग गोंदलेले, सगळे त्यानं दाखवले. त्यातला एकही जण हसत नव्हता.

"ह्यांस्नी कुणी जेवाया घातलं न्हाई का?" धोंडुबाई म्हणाली.

साहेबानं आमची मोटारसायकल झाडामागं ढकलायला लावली, तिच्या प्लॅस्टिकच्या चपला काढायला लावल्या आणि मला तिच्या अंगावर टाकलं.

"आवं, उन्हाचं घोंगडं कोण घेतंय?"

"आजी, असंच खरं वाटतं."

कॅमेरा दिसला की तोंडावर पदर ओढणारी बाई, पण त्या दिवशी तिनं पदर मागं सारला. एक फोटो पोस्टानं पाठवतो, असं साहेबानं कबूल केलं होतं.

"मेल्यावर भिंतीला लावाया झाला," ती तात्याबाला म्हणाली.

"लाव की. घरात उंदीर यायचं न्हाईत."

फोटो आला नाही. गेल्या दिवाळीनंतर धोंडुबाई गेली. घरच्या मोबाईलात बकऱ्यांचे ढीगभर फोटो, तिचा एक नाही. आधारकार्डावरचा मोठा केला, तर तव्याचं बूड.

तेवढ्यात लेकीचा, मंगलचा, फोन आला. ती पाचगणीला स्ट्रॉबेरी तोडायला जाते. "आबा, आई हितं हॉटेलात भिंतीवर हाय!"

तात्याबा मला खांद्यावर टाकून यष्टीनं गेला. दाराएवढा फोटो. खालची पाटी मंगलनं वाचली, "अनाम मेंढपाळ स्त्री."

"धोंडुबाई हाय ती. ल्हिवा तसं," तात्याबा म्हणाला.

"बाबा, हात लावू नका," मॅनेजर म्हणाला. "फोटो साहेबांचा आहे."

"बायकू माजी, घोंगडं माजं, मेंढरं माजी. मग साहेबाचं काय हाय रं ह्यात?"

मॅनेजरनं दार दाखवलं. जाता जाता मंगलनं मोबाईलवर फोटोचाच फोटो घेतला.

गावाकडं येऊन तो छापला. फोटोच्या काचेवर हॉटेलातल्या दिव्याचा उजेड पडला होता, नेमका धोंडुबाईच्या तोंडावर. तोंडाच्या जागी पांढरा गोळा. मी मात्र धाग्याधाग्यानं दिसतोय. पुन्हा फोटो घ्यायला मंगल हॉटेलात परत गेली, तर आईच्या जागी पिसं खोवलेला कुणी लांबचा माणूस टांगलेला. त्याच्याही घरी भिंत मोकळीच असेल.

आता तो छापलेला फोटोच घरात लावलाय. तात्याबा रोज धोतराच्या सोग्यानं त्याची काच पुसतो. डाग काचेवर नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी पुसतो.

माझी एकच मागणी. तात्याबाला न्याल तेव्हा मलाही त्याच्यासंगं जाळा. भिंतीवर मी आहेच. ती नाही.