पांढऱ्याचं पथ्य

अंजूरच्या केसरीनाथशेठांच्या घरी सकाळी सातला सुनेचं दूध तयार असायचं. चांदीची वाटी, चार काड्या केशर, वर खवलेलं ओलं खोबरं. दूध पिताना सुनेनं समोरच्या भिंतीकडे बघायचं, कारण तिथे एका गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाळाचं कॅलेंडर लावलं होतं. ते बाळ कुठल्या देशाचं होतं देव जाणे. पण सासूबाईंचा, म्हणजे गुणाबाईंचा, तसा हुकूम होता. पाचवा महिना लागलेली रीमा रोज मुकाट्यानं त्या परक्या पोराकडे बघत वाटी संपवायची.

तुम्ही म्हणाल, वा, सुनेचे किती लाड. जरा थांबा.

रीमा गणेशपुरीकडची, भातशेतीवाल्या घरातली. रंगानं काळी. सावळी, निमगोरी असले शब्द मी वापरणार नाही. काळी होती आणि देखणी होती. केसरीनाथांचा एकुलता एक मुलगा मनोज यानं तिला वज्रेश्वरीच्या जत्रेत पाहिलं आणि हट्टच धरला. शेताच्या जागी गोदामं उभी राहिल्यापासून घरात कशाची ददात नव्हती, त्यामुळे पोराचा हट्ट चालून गेला. हळदीच्या दिवशी मात्र आळीतल्या बायका हसल्या, की नवरीच्या अंगावर हळद दिसत कशी नाही? गुणाबाईही त्यांच्यात मिळून हसल्या. रीमानं ते ऐकलं. मनोजनंही ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. माणूस चांगला होता हो. दारू नाही, मारहाण नाही. फक्त आईपुढे त्याला तोंड नव्हतं.

सुनेला दिवस गेले तसं गुणाबाईंनी ठरवून टाकलं, की आता जे झालं ते झालं, नातवंड तरी गोरं पाहिजे. मनोजची थोरली बहीण, जिला सगळे ताईच म्हणत, ती भिवंडीत दिलेली होती. बारावी शिकलेली. तिनं वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं एक कात्रण आईला आणून वाचून दाखवलं. नैसर्गिक उपायांनी कांती कशी उजळावी, असा तो लेख होता. भरपूर पाणी प्या, फळं खा, आठ तास झोपा, भर उन्हात हिंडू नका, चहा कमी करा. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. तुम्ही-आम्ही पाळाव्यात अशाच सवयी होत्या. पण गुणाबाईंनी त्याचा कायदा केला आणि त्यात आपली कलमं घातली. जे काळं ते पोटात जाता कामा नये. नाचणी बंद, काळे चणे बंद, गूळ बंद, खजूर बंद, वांगं बंद. खाडीतली काळपट निवटी मासळी आणि चिंबोऱ्या आणणाऱ्या धोंडूबाईला फाटकातूनच परत लावून देऊ लागल्या. दूध, दही, भात, रवा, केळी आणि शहाळं एवढंच चालायचं. ऊन नको म्हणून रीमाला अंगणात यायलाही बंदी झाली. शेतावर वाढलेली पोर खिडकीचा पडदा बाजूला करून वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसायची.

उपकेंद्राच्या नर्सबाई तुळजा महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी पाचव्यातच रक्त तपासलं, कमी निघालं. लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं देऊन रोज एक घ्यायला सांगून त्या गेल्या. गुणाबाईंनी पाकिटं उचलून चुलीत घातली. त्यांचं म्हणणं असं, की ती गोळी घेतली की परसाकडे काळं होतं, हे गावातल्या दहा बायकांनी स्वतः पाहिलंय. जी गोळी आतडं काळं करते ती पोटातल्या पोराला सोडेल काय? हा प्रश्न नर्सबाईंना विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

सातव्या महिन्यात चमत्कार झाला. रीमा उजळली.

खरंच उजळली. गालांवरचा गडद रंग ओसरून चेहरा फिकट पिवळसर दिसायला लागला. तळहात पांढरे, नखं खडूसारखी, ओठांवरचा रंग उडालेला. जिना चढताना ती दोनदा खाली बसायची, बोलता बोलता धापा टाकायची. कोरडे तांदूळ मुठीमुठीनं चावून खायची. तांदूळ पांढरेच आहेत, खाऊ दे, डोहाळे असतील, असं गुणाबाई म्हणाल्या. आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येऊ लागल्या. हळदीला हसलेल्याच त्या. त्यांनी रीमाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि काय तेज आलंय म्हणून कानशिलावर बोटं मोडली. कुणी कृती विचारली. गुणाबाई केशराच्या काड्या मोजून सांगायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे शिकायला येत होतं, आणि त्या फुलून गेल्या होत्या.

रीमालाही बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी गोरी म्हणत होतं. ती आरशासमोर उभी राहायची, खुर्चीला धरून.

तुळजाबाई आल्या, त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचाच चेहरा उतरला. हे तेज नाही, अंगातलं रक्त संपत आलंय, रक्ताची बाटली चढवावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गुणाबाईंनी बाहेरचं कुणाचं, कसल्या रंगाच्या माणसाचं रक्त घरात नको म्हणून त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. तुळजाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या फाटकाशी मनोजची वाट बघत उभ्या राहिल्या, गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातात कोंबली आणि बजावलं, "हिचं बाळंतपण असं झालं तर ही वाचणार नाही. तुमचं ऐकेल ती. आज बोला."

मनोजनं खोलीत येऊन पाकिटं पलंगावर ठेवली. नर्सबाई काय म्हणाल्या ते खालच्या आवाजात सांगितलं. रीमानं एक पाकीट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"मना म्हाईत हाय ती रक्ताची गोली हाय," ती म्हणाली. "पन पोरगी झाली आनि माझ्यासारखी झाली, तं? मी जे ऐकलं ते तिनी पन ऐकाचं? तुमी सांगा. माझ्यासारखी झाली तर चालंल तुमाला?"

त्याला फक्त हो म्हणायचं होतं. त्यानं दाराकडे पाहिलं, बाहेर आईच्या बांगड्या वाजत होत्या.

"आई बोलतं तसं कर," मनोज म्हणाला.

रीमानं पाकिटं त्याच्या हातात परत दिली.

पुढचं सांगायला मला फार वेळ लागणार नाही. नवव्या महिन्यात, भर दुपारी, तिला वेळेवर दवाखान्यात नेलं. गाडी होती, डॉक्टर हजर होते, बाळंतपण कुठे अडलं नाही. मुलगी झाली. नंतर रक्तस्राव सुरू झाला. धडधाकट बाईनं सोसला असता तेवढाच तो होता, पण हिच्या अंगात जायला रक्त होतंच किती. बाटल्यांची धावाधाव होईपर्यंत रीमा गेली. ती वीस वर्षांची होती.

घरी आणून आंघोळ घालताना एक म्हातारी म्हणाली, की बघा गो, मेणाची बाहुली दिसते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. गुणाबाई छाती पिटून रडत होत्या, ते रडणं खोटं नव्हतं. त्यातच कुणीतरी पोरगी कशी आहे विचारलं, तर पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, गुलाबाच्या पाकळीसारखी.

पण तान्ह्या बाळाचा गुलाबी रंग किती दिवस टिकतो, हे आयांना विचारा. अडीच महिन्यांत पोरीनं आपला खरा रंग घेतला. कपाळ, कान, बोटांची पेरं, सगळं रीमाचं. गुणाबाई हादरल्या. मग त्या कामाला लागल्या. डाळीचं पीठ, हळद आणि साय यांचा गोळा करून रोज सकाळी त्या नातीचं अंग रगडू लागल्या. पोरीची कातडी सोलवटली, काखेत आणि मानेत लाल चट्टे उठले. ती रडून रडून निळी व्हायची.

तुळजाबाई डोस द्यायला आल्या तेव्हा हाच प्रकार चालला होता. ताईही आलेली होती. तुळजाबाईंनी चट्टे बघून कपाळाला हात लावला. बाळाला साध्या कोमट पाण्यानं आंघोळ, जरा खोबरेल, सकाळचं कोवळं ऊन, एवढंच पुरे, असं त्या समजावू लागल्या.

गुणाबाईंनी त्यांच्याकडे बोट रोखलं.

"तूच दिल्यास ना गोल्या? मी येक न्हाय खाऊ दिली, मंग पोर काली कशी झाली? तिनं माझ्या माघारी चोरून खाल्ल्या. मेली, पन दावा साधून गेली."

ताईनं मान डोलावली, तिलाही ते पटलेलं दिसत होतं. ज्या बाईनं त्यांच्या हट्टापायी एक गोळी घशाखाली घातली नाही, ती मेल्यावर चोर ठरली. खोलीत तिच्या बाजूनं बोलायला ती नव्हतीच.

दारात उभा असलेला मनोज आत आला. त्यानं आईच्या हाताखालून पोर उचलली, पिठासकट.

"येक पन न्हाय खाल्ली तिनं," तो म्हणाला. "मी दिलेल्या, तिनं परत माझ्याच हातात ठेवल्या."

"मंग काली कशी?"

"आईवर गेली. तिची आई लय चांगली दिसाची. मना तीच आवडाची, हाय तशी. ही पन आवडतं."

आणि तो पोरीला घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसला. गुणाबाई पिठाचा हात तसाच धरून राहिल्या. तुळजाबाई डोसाची पेटी उचलून त्याच्या मागोमाग बाहेर गेल्या.

मनोज त्या दिवशी फार धीराचं बोलला, असं आळीत अजून सांगतात. मला त्याचं कौतुक करवत नाही. हेच चार शब्द तो सातव्या महिन्यात बोलला असता, तर रीमानं गोळी गिळली असती.