कानतुटकी कधी येते?

अजूनही माझा विश्वास बसत नाही. 'असं कसं झालं, असं कसं झालं' हे एकच पालुपद मनात चालू आहे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी रानातला ट्रॅप कॅमेरा. अंगावर पानांची नक्षी असलेला, झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळलेला डबा. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की माझा डोळा आपोआप उघडतो आणि फोटो निघतो. कारखान्यात माझे शेकडो भाऊ माझ्यासोबत तयार झाले. कुणी गोदामाच्या दारावर पहाऱ्याला गेला, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. मला बाईंनी नेलं.

बाई शाळेत विज्ञान शिकवतात. यजमान नोकरीनिमित्त दूर असतात, घरात सासूबाई आणि धाकटे दीर. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला उलटासुलटा करून पाहिलं. "माणसांच्या चहाड्या कमी पडल्या का गं, आता जनावरांच्याही घरी आणणार?"

"आई, हा नुसतं बघतो आणि गप्प बसतो. तुला नाही जमायचं ते!" भावजी म्हणाले. माझ्या पोटात पहिल्या बॅटऱ्या त्यांनीच भरल्या. मोकळा, हसरा माणूस. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडले.

रान तर मला मनापासून आवडलं. एक रानडुक्कर माझ्याच झाडाला पाठ घासायचं. मोर माझ्या डोळ्यात स्वतःला न्याहाळायचा. माणसांची तऱ्हा मात्र वेगळी. मी दिसलो की बायका केस सारखे करायच्या, पुरुष पोट आत ओढायचे. एका गृहस्थांनी तर मला पाहून घाईघाईनं सिगारेट विझवली आणि तीच खिशात घातली. मी काय त्यांच्या बायकोला सांगायला जाणार होतो?

या सगळ्यांत बाईंचा जीव होता एका हरणीवर. तिचा डावा कान अर्धा फाटलेला, म्हणून घरात तिचं नाव पडलं कानतुटकी. तिच्या मागे मागे उड्या मारत येणारं एक पाडस.

रविवारी सकाळी बाई मला झाडावरून सोडून घरी आणायच्या. जेवणं झाली की सगळे फोटो बघायला बसायचे. मग मला पुन्हा रानात, कधी पाणवठ्यावर, कधी बांबूच्या बेटात, कधी ओढ्याच्या उतारावर. भावजींना किती कौतुक! "वहिनी, कानतुटकी कधी येते हो? याच वाटेनं येते? पाणी पिऊन परत कुठून जाते?" बाईंची कळी खुलायची. कधी येते, कुठून येते, कुठे थबकते, सगळं अगदी रंगवून सांगायच्या. आणि मी पुरावा म्हणून टेबलावर मिरवत बसलेला.

मधल्या वारी भावजी स्वतः रानात चक्कर मारायचे. "बॅटऱ्या बघून येतो," म्हणायचे.

एका आठवड्यात माझ्या पोटात निघाले ते नुसते गवताचे फोटो. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की मी फसतो, त्याला माझा इलाज नाही. बाईंनी कपाळावर हात मारला आणि मला वाटेपलीकडच्या झाडावर, वेलीच्या आडोशाला उंच बांधलं. घरी गेल्यावर शाळेचे पेपर तपासायचे होते. माझं झाड बदललंय हे कुणाला सांगायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

शनिवारी उन्हं उतरल्यावर भावजी आले. जुन्या झाडाकडे त्यांनी पाहिलं, बुंधा रिकामा. "वहिनीनं आजच नेला वाटतं," असं पुटपुटले आणि खाली बसले. बॅटऱ्यांच्या पिशवीतून त्यांनी तार काढली. पातळ, पिळाची तार. तिचा फास केला, बरोबर वाटेवर, कानतुटकीचा पाय पडतो तिथेच लावला आणि वरून पाचोळा पसरला. शीळ घालत घालत!

बाप रे! ओरडायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत. डोळा तेवढा आहे. मी फोटो काढत राहिलो.

सकाळी बाई आल्या त्या नेमक्या झाडामागच्या उतारावरून. वाट त्यांनी ओलांडलीच नाही. मला सोडलं आणि गाणं गुणगुणत घरी निघाल्या. अहो बाई, मागे बघा ना! पण ऐकणार कोण?

जेवणानंतर सगळे बसले. भावजी मांडी घालून सगळ्यांत पुढे. पडद्यावर ते दिसताच सासूबाई हरखल्या. "अगंबाई, हा तर आपलाच! छान आलास हो फोटोत!"

पुढच्या फोटोत तार होती. त्याच्या पुढच्यात फास.

बाई पडद्याकडे बघत होत्या. "भावजी, हे काय आहे?"

"दोस्तांना शिकारीचा शब्द दिला होता, वहिनी," भावजी खाली बघत म्हणाले. मग जरा चिडूनच बोलले, "आणि मी काय रान तुडवत शोधत हिंडलो का? तुम्हीच तर दर रविवारी सांगता, ती कधी येते, कुठून येते!"

सासूबाई पुढे सरकल्या. "म्हणजे मागे तू डबा आणलास, दोस्तानं दिलाय म्हणालास, ते मटण..."



बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं.

"उन्हं उतरताना येते ती," त्या एकदम उठल्या. "पक्कड घ्या आणि चला. तुम्हीच काढायचा फास!" मी त्यांच्या गळ्यात लटकत होतो, धावताना त्यांच्या छातीवर आपटत होतो.

पोचेपर्यंत उन्हं कलली होती आणि कानतुटकी फासात होती. मागचा पाय रक्तबंबाळ, आणि पाडस तिच्याभोवती वेड्यासारखं घिरट्या घालत होतं. भावजींनी अंगातला शर्ट काढून तिच्या डोळ्यांवर टाकला, बाईंनी तार तोडली. तीन पायांवर धडपडत ती झाडीत शिरली, पाठोपाठ पाडस.

"आणखी कुठे लावलेत?" बाईंनी विचारलं.

भावजी पुढे चालू लागले. पाणवठ्यावर एक निघाला. बांबूच्या बेटात एक. ओढ्याच्या उतारावर दोन. ही सगळी माझीच झाडं हो! जिथे जिथे मला बांधलं होतं, तिथे तिथे तार होती.

आता भावजी दोस्ताकडे राहतात. बाईंनी मला फेकून दिलं नाही, याचंही मला आश्चर्यच वाटतं. मला त्या नवीन जागी बांधतात, एकट्याच येतात आणि फोटो एकट्याच बघतात, दार लावून.

परवा सासूबाईंनी दाराबाहेरून विचारलं, "सूनबाई, दिसली का गं ती?" बिचाऱ्या किती काळजीनं विचारत होत्या. बाईंच्या समोर पडद्यावर कानतुटकी उभी होती. पाय अजून टेकत नव्हती, पण उभी होती, आणि पाडस तिला लुचत होतं. बाईंनी डोळे पुसले.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नाही दिसली."

तुम्हाला म्हणून सांगितलं. कुठे ते मात्र मला विचारू नका.