तीन हाकांनंतर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. अंध मुलांसाठी उठावदार ठिपक्यांची पुस्तके छापणाऱ्या छापखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर मी नऊ वर्षे काढली. पुस्तके माझ्या पोटात नसत. ती शेजारच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात, सर्व्हरमध्ये, राहत आणि वायरीवरून माझ्याकडे ये-जा करीत.

मला इथे बसवले तंत्रज्ञ काकांनी. त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये ठासून लिहिले होते: सर्व्हर गप्प झाला, तरी उत्तर येईपर्यंत हाका मारत राहायचे, हातातले काम सोडायचे नाही. त्यामुळे कधी कधी मी अर्धा-अर्धा तास ढिम्म हलत नसे. टंकलेखिका ताई वैतागत, चहा पिऊन येत. पण त्यांची एक ओळही कधी हरवली नाही. काका कौतुकाने म्हणत, "हट्टी आहे, पण शब्दाचा पक्का!" त्या कौतुकावर मी विसंबलो.

मग व्यवस्थापक कुरकुरू लागले. "सारखा अडकतो हा. काहीतरी करा की!" काकांनी मुकाट्याने सेटिंग बदलले. आता तीनच हाका मारायच्या, मग सोडून द्यायचे. ताईंना त्यांनी सांगितलेसुद्धा नाही. मी चटपटीत झालो म्हणून सगळे खूश होते.

एका दुपारी ताईंनी विज्ञानाचे पुस्तक जतन करायचे बटण दाबले आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बंद पडला. जुनी फाइल पुसून तिच्याच जागी नवी लिहिली जात होती, आणि ती अर्धीच लिहून झाली होती. मी तीन हाका मारल्या. मग मला ती सोडावी लागली, मित्रांनो! लिहिता आले नाही, असे मी कळवलेही. पण टंकनाच्या प्रोग्रॅमने ते गिळून टाकले आणि पडद्यावर 'जतन झाले' असे झळकवले. ताई निर्धास्त घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी छापलेली पाने तपासणारे अंध गुरुजी बोटे फिरवता फिरवता थांबले.

"ताई, इथून पुढे कागद गुळगुळीत आहे."

शेवटचे पाच पाठ, ताईंचे दोन महिन्यांचे कष्ट, गेले होते. दुसरी प्रत नव्हती, आणि मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. ताई ओक्साबोक्शी रडल्या. काकांना कारण ठाऊक होते. तरी त्यांनी खापर माझ्याच माथी फोडले. "यंत्र म्हातारं झालंय हो. मी कधीचा सांगतोय, बदला."

माझ्या जागी नवा संगणक आला. मी वायरी काढलेल्या अवस्थेत खाली जमिनीवर पडून होतो. त्याचे सेटिंग लिहिताना काका हळूच पुटपुटले, "तू थांब बाबा. कितीही शिव्या दिल्या, तरी उत्तर येईपर्यंत थांब."

मित्रांनो, मी भंगारात जायला तयार आहे. पण कुणीतरी ताईंना एवढे सांगा, की हातातले काम अर्ध्यावर सोडायला मला काकांनीच शिकवले होते.